होमस्टकचा शेवट, सुटे राहिलेले धागे आणि वाचकांचा राग

मागचे दोन लेख लिटरेचर रिव्ह्यूवर झाले. आजचा विषय वेगळा आहे, पण वाटतो तितका वेगळा नाही. एका वेबकॉमिकच्या शेवटाबद्दल लिहायचंय, आणि त्या शेवटावर चिडलेल्या वाचकांबद्दल. पेटच्या किंवा नेटच्या पेपरात याचा उपयोग शून्य, हे आधीच सांगून टाकते. पण एखादं काम संपवताना त्यातल्या कोणत्या गोष्टी पूर्ण करणं आपण वाचकाला देणं लागतो आणि कोणत्या मोकळ्या सोडल्या तरी चालतात, हा प्रश्न सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या मानगुटीवर बसणारच आहे. त्याचं इतकं मोठं आणि इतकं चव्हाट्यावर घडलेलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. (पुढे गोष्टीचा शेवट उघड केलाय. ज्यांना आधी मूळ वाचायचंय त्यांनी इथेच थांबा. फक्त पानं आठ हजारांच्या वर आहेत, तेवढं लक्षात असू द्या.)

कॉमिकचं नाव होमस्टक, कर्ते अमेरिकेतले अँड्र्यू हसी. १३ एप्रिल २००९ला सुरू झालं आणि १३ एप्रिल २०१६ला संपलं. तारीख मुद्दाम निवडलेली. जॉन एग्बर्ट नावाच्या मुलाचा तेरावा वाढदिवस १३ एप्रिलला असतो आणि गोष्ट त्याच्या खोलीतून सुरू होते. जॉन आणि त्याचे ऑनलाइन मित्रमैत्रिणी रोज, डेव्ह आणि जेड हे चौघं स्बर्ब नावाचा कॉम्प्युटर गेम खेळायला घेतात. त्या गेममुळे उल्का कोसळून पृथ्वी नष्ट होते, आणि गेम जिंकला तर बक्षीस काय, तर एक नवंकोरं विश्व. मग ट्रोल नावाची बारा परग्रहवासी मुलं येतात, काळाचे फेरे येतात, आणि या सगळ्याच्या मागे लॉर्ड इंग्लिश नावाचा, काळात हवं तिथे फिरणारा, जवळपास अजिंक्य खलनायक. एका परिच्छेदात याहून जास्त सांगता येत नाही. प्रयत्न करणाऱ्यांचे हाल मी बघितलेत.

कॉमिक म्हटलं तरी वर्तमानपत्रातल्या चौकटींसारखं ते नाही. पानावर एक चित्र किंवा हलणारं चित्र, खाली मजकूर. बहुतेक संवाद चॅटच्या नोंदींच्या रूपात, प्रत्येकाचा रंग वेगळा, टाइप करायची लकब वेगळी. मधूनच संगीतासकट ॲनिमेशन, मधूनच चक्क खेळता येणारा छोटा गेम. एकूण शब्द आठ लाखांच्या आसपास. पुढे २०१५ला अंडरटेल हा गेम काढणारा टोबी फॉक्स याच्या संगीतकारांपैकी एक. २५ ऑक्टोबर २०११ला ‘कॅस्केड’ नावाचं तेरा मिनिटांचं ॲनिमेशन आलं, तेव्हा ते ज्या न्यूग्राउंड्स साइटवर ठेवलं होतं ती साइट गर्दीनं आडवी झाली. म्हणजे लोक किती जीव टाकून वाचत होते याची कल्पना येईल.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे. सुरुवातीला पात्रानं पुढे काय करावं हे वाचक सुचवायचे आणि हसी त्यातलं एखादं उचलून चित्र काढायचे. पात्रांची नावंसुद्धा वाचकांच्या सूचनांतून आली. पुढे सूचनांचा पूर आला आणि ती पद्धत बंद झाली, पण दार पूर्ण मिटलं नाही. संगीत आणि चित्रांचं काम करणाऱ्या चमूत चाहत्यांमधूनच माणसं येत राहिली. २०१२ला या कॉमिकवर आधारलेल्या गेमसाठी किकस्टार्टरवर सात लाख डॉलर मागितले, तर जवळपास पंचवीस लाख जमा झाले. अशा वाचकाला तुम्ही ‘बाहेरचा’ म्हणू शकत नाही. तो पंक्तीत वाढायलाही उभा होता आणि जेवायलाही.

शेवट म्हणजे नेमकं काय झालं

होमस्टक नाटकासारखं अंकांत विभागलेलं आहे. एकूण सात अंक. त्यातला सहावा एवढा फुगला की जवळपास निम्मं कॉमिक त्यानंच व्यापलं. सहाव्या अंकाच्या पोटात पुन्हा सहा अंक, त्यांच्यात मध्यंतरं, आणि सहाव्या अंकाच्या सहाव्या अंकाची वेगळी मध्यंतरं. (ज्यांच्या प्रबंधात ४.३.२.१ असे उपविभाग आहेत त्यांना हसू येणार नाही.) ऑक्टोबर २०१३ ते ऑक्टोबर २०१४ असं एक पूर्ण वर्ष कॉमिक बंद होतं. पुन्हा सुरू झाल्यावर लगेचच ‘गेम ओव्हर’ नावाच्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक मुख्य पात्रं पटापट मेली.

त्यातून वाट काढली ती जॉनला मिळालेल्या एका विचित्र शक्तीनं. तो नुसता काळात मागे जात नाही, तर घडलेली गोष्टच, म्हणजे आपण आधी वाचलेली पानं, बदलू शकतो. टेरेझी नावाच्या ट्रोल मुलीनं दिलेल्या सूचनांबरहुकूम तो मागे जाऊन एकेक बदल करत येतो. त्यातला सर्वांत मोठा बदल व्हरिस्काचा. पाचव्या अंकात टेरेझीनं आपल्या या मैत्रिणीला मारलेलं असतं. पुढची सगळी वर्षं तो अपराध टेरेझीला आतून पोखरत असतो. जॉन तिथे जाऊन व्हरिस्कालाच एक ठोसा लगावतो, ती बेशुद्ध पडते, त्यामुळे मरत नाही. नवी टाइमलाइन सुरू. तीन वर्षांचा प्रवास नव्यानं झाला असं आपण समजायचं, आणि तो आपल्याला फारसा दाखवला जात नाही.

मग ‘कोलाइड’ नावाची मोठी लढाई, आणि १३ एप्रिल २०१६ला सातवा अंक. तो आख्खा अंक म्हणजे नऊएक मिनिटांचं एक ॲनिमेशन, एकही संवाद नाही. दिसायला अप्रतिम. मुलं नव्या विश्वाच्या दारातून पलीकडे जातात. दुसरीकडे व्हरिस्का अंतिम हत्यार घेऊन लॉर्ड इंग्लिशसमोर उभी. पुढे काय झालं ते नाही दाखवलं. पडदा.

बस. सात वर्षं वाचून पडदा.

काय काय राहिलं याच्या याद्या तेव्हा भरपूर बनल्या. लॉर्ड इंग्लिश मेला की नाही? कॅलिबॉर्न, म्हणजे तोच लॉर्ड इंग्लिश लहानपणी, त्यानं आपल्या ओबडधोबड पद्धतीनं एक प्रसंग सांगितलेला असतो: चौघं मुलं त्याच्यावर चालून आली आणि त्यानं त्यांना कसं हरवलं. तो प्रसंग मुलांच्या बाजूनं कधी येणार? जेड शेवटच्या टप्प्यात बराच वेळ निपचित पडून का? टेरेझी आणि व्हरिस्काचं पुढे काय ठरलं? जी माणसं ‘गेम ओव्हर’मध्ये मेली त्यांनी कमावलेलं शहाणपण कुठे गेलं?

वाचक चिडले. काही जण रडले. काही जणांनी शेवटाचं समर्थन केलं, तेही तितक्याच तावातावानं. आणि दोन्ही बाजूंनी ‘तुम्हाला गोष्ट कळलीच नाही’ हे वाक्य सढळ हातानं वापरलं.

माझं मत

मला दोन्ही बाजूंचं अर्धवट पटतं, आणि ते का हे जरा नीट मांडते, कारण ही मांडणीच तुमच्या कामाची आहे.

आधी चिडलेल्यांची बाजू. त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप असा, की हे लोक हावरे आहेत, यांना सगळं चमच्यानं भरवायला हवं. हे अन्यायाचं आहे. वाचकाची अपेक्षा ही आकाशातून पडत नाही. होमस्टकनं वाचकाला काही हजार पानं एकच गोष्ट शिकवली: इथे काहीही वाया जात नाही. जॉनला वाढदिवसाला मिळालेला खेळण्यातला ससा घ्या. तो काळाच्या फेऱ्यांत फिरत, रूपं बदलत, वेगवेगळ्या हातांतून पुन्हापुन्हा परत येतो. फालतू वाटणारा विनोद दोन हजार पानांनी कळीचा ठरतो. असं वारंवार झालं की वाचकाच्या डोक्यात एक अनुमान पक्कं होतं. आपल्या भाषेत बोलायचं तर त्याचं प्रायर कॉमिकनंच तयार केलं, आणि त्याला पुरावा रोज मिळत गेला. मग शेवटी ‘तुम्ही अशी अपेक्षा केलीतच कशी’ असं विचारणं म्हणजे गाईडनं तीन वर्षं प्रत्येक ग्राफला एरर बार मागायचा आणि व्हायवाच्या दिवशी म्हणायचं, एवढं काय मनावर घेतलंस!

आता याच बाजूची कमजोरी. वर्षभराच्या खंडात वाचकांनी सिद्धांत रचले, ते थक्क करणारे होते. चिन्हं, रंग, ग्रहांची नावं, राशी, पानांचे क्रमांक, सगळ्याचा मेळ घालणारे. मी जीवरसायनशास्त्रातली आहे. आमच्याकडे दहा बिंदूंमधून नऊ पॅरामीटरची वक्ररेषा काढली तर ती प्रत्येक बिंदूला सुरेख चाटून जाते आणि अकरावा बिंदू आला की तोंडावर आपटते. याला ओव्हरफिटिंग म्हणतात हे तुम्ही कोर्सवर्कमध्ये शिकालच. चाहत्यांचे बरेच सिद्धांत तसे होते. आठ हजार पानांना चपखल, शेवटच्या नऊ मिनिटांना नापास.

पण थांबा, इथे ही उपमा तुटते, आणि ती कुठे तुटते हेच महत्त्वाचं आहे. प्रयोगात माझं मॉडेल फसलं तर मी एन्झाइमला दोष देऊ शकत नाही. त्यानं मला कसलंही वचन दिलेलं नसतं. गोष्टीतला ‘डेटा’ मात्र कुणीतरी रचलेला असतो. ससा परत येतो, कारण लेखकानं तो परत आणला. त्यामुळे सिद्धांत फसल्यावर वाचक लेखकाकडे बोट दाखवतो यात मूळ चूक काही नाही. फक्त कुठल्या धाग्यासाठी बोट दाखवायचं, हे त्यानं निवडायला हवं होतं. बहुतेकांनी यादी केली, प्रतवारी केली नाही.

समर्थकांचं म्हणणं असं: ही गोष्ट मुळात गोष्टीच्या कैदेतून सुटण्याची आहे. लॉर्ड इंग्लिश म्हणजेच ती कथा, जी या मुलांना छळते. म्हणून मुलांचा विजय त्याला मारण्यात नाही, तर दार उघडून कथेच्या बाहेर जाण्यात आहे. आपण कथेच्या आत बसलेले, आपल्याला पलीकडचं दिसणार नाही. पडदा पडणं हाच विजय.

कल्पना सुंदर आहे. पण कार्ल पॉपर वाचलेल्या (किंवा किमान संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी घोकलेल्या) माणसाला इथे खटकायला हवं. हा युक्तिवाद कोणत्या शेवटामुळे चुकीचा ठरला असता? लॉर्ड इंग्लिशला मारताना दाखवलं असतं तर ‘कथेचा अंत’, नसतं दाखवलं तर ‘कथेतून सुटका’. मधेच वीज गेली असती तरी काहीतरी अर्थ निघाला असता. जे स्पष्टीकरण कशालाही लागू पडतं ते फारसं काही स्पष्ट करत नाही.

तरीही मी ते पूर्ण फेकून देणार नाही, कारण त्याला शेवटापासून स्वतंत्र असा पुरावा आहे. कॅलिबॉर्न आणि त्याची बहीण कॅलिओपी ही दोन पात्रं बघा. कॅलिओपी ही गोष्टीवर प्रेम करणारी, फॅन फिक्शन लिहिणारी, चित्रं काढणारी वाचक. कॅलिबॉर्न हा वाचायचा कंटाळा असलेला, सतत मागण्या करणारा, आपल्या मनासारखं झालं नाही की आदळआपट करणारा वाचक. आणि तोच मोठेपणी खलनायक होतो. म्हणजे या कॉमिकचा राक्षस हा एक वाईट वाचक आहे, हे शेवट यायच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. दार, पडदे, रंगमंच ही चिन्हंही पहिल्यापासून आहेत. त्यामुळे लॉर्ड इंग्लिशचं मरण न दाखवणं मला पटतं. तो धागा सुटा नाही, मोकळा ठेवलेला आहे. या दोन शब्दांत फरक आहे.

पण त्याच स्पष्टीकरणानं जेडचं काय होतं? काहीच नाही. चार मुख्य पात्रांतली एक, जिला नव्या टाइमलाइनमध्ये तीन वर्षं जहाजावर एकटीनं काढावी लागतात, तिला त्या एकटेपणाबद्दल बोलायला धड जागाच मिळत नाही. ‘कथेतून सुटका’ म्हणून हे झाकता येत नाही. आपण मॉडेल बसवल्यावर जे उरतं त्याला रेसिड्युअल म्हणतो. तसं हे उरलेलं आहे, आणि त्याला एक ठरावीक आकार आहे. कॅलिबॉर्ननं सांगितलेल्या प्रसंगाचंही तेच. होमस्टकच्या जगाचा नियम कॉमिकनं स्वतःच घालून दिलाय: काळाचा फेरा पूर्ण व्हायलाच हवा, नाहीतर ती टाइमलाइन बाद. मग अशा जगात एक फेरा उघडा ठेवून पडदा पाडणं हा रहस्याचा भाग होत नाही. ती उधारी आहे. प्रकरण दोनमध्ये गृहीतक क्रमांक तीन लिहायचं आणि निष्कर्षात त्याचा उल्लेखच करायचा नाही, यातला प्रकार.

आणि टेरेझी. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि चाहत्यांच्या यादीत हा मुद्दा लॉर्ड इंग्लिशच्या खाली ढकलला गेला याचं वाईटही वाटतं. तिच्या बाबतीत प्रश्न अनुत्तरित राहिला असं झालेलंच नाही. उत्तर द्यावं लागू नये म्हणून प्रश्नच काढून टाकला. मैत्रिणीला मारल्याचं ओझं घेऊन माणूस कसं जगतं, हा होमस्टकमधला सर्वांत कठीण प्रश्न होता. जॉनच्या एका ठोशानं ती मैत्रीण मेलीच नाही असं ठरलं. टेरेझी खुश, आपणही खुश व्हायचं. पण ज्या टेरेझीबरोबर आपण वर्षं काढली ती आता कुठे आहे? बिंदू रेषेवर बसत नाही म्हणून नवं स्पष्टीकरण शोधणं वेगळं आणि तो बिंदू एक्सेलमधून डिलीट करणं वेगळं. इथे दुसरं झालं. त्याला सुखान्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बरं, गंमत पुढे आहे. एप्रिल २०१९मध्ये उपसंहार आला. या वेळी चित्रं नाहीत, सलग गद्य, आणि निवडायला दोन वाटा: ‘मीट’ आणि ‘कँडी’. जॉन आता तेवीस वर्षांचा. पहिल्या वाटेत तो मागे जाऊन लॉर्ड इंग्लिशशी लढायचं ठरवतो, दुसरीत घरी थांबतो. ‘मीट’मध्ये तो उघडा राहिलेला फेरा बंद केलेला आहे. चौघं मुलं, कॅलिबॉर्न, लढाई, सगळं. तीन वर्षं ज्याची मागणी होती ते उत्तर हातात पडलं.

मग वाचक शांत झाले का? अजिबात नाही. २०१६पेक्षा जास्त चिडले. का? तर ‘मीट’मध्ये डर्क नावाचं पात्र निवेदनच ताब्यात घेऊन इतरांना बाहुल्यांसारखं नाचवतं, जेन परक्यांचा द्वेष करणारी राजकारणी होते, आणि ‘कँडी’मध्ये सगळे हळूहळू बिनसलेल्या संसारांत म्हातारे होण्याच्या मार्गाला लागतात. उत्तरं मिळाली, माणसं गेली. नऊ मिनिटांच्या मुक्या ॲनिमेशननं निदान ती माणसं तशीच ठेवली होती.

माझ्या लेखी हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. राग ‘उत्तर नाही’ याचा असता तर उत्तर आल्यावर तो कमी व्हायला हवा होता. तो वाढला. म्हणजे मागणी उत्तराची नव्हतीच, किंवा निदान फक्त उत्तराची नव्हती. लॉर्ड इंग्लिशचं काय झालं हे विचारायला सोपं होतं, म्हणून सगळ्यांनी ते विचारलं. ज्या मुलांबरोबर आपण तेराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत आलो, त्यांचा निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही, हे म्हणणं अवघड होतं. आणि लक्षात घ्या, गोष्टीत मुलं तेरा ते सोळा एवढीच वाढली. वाचक त्यांच्या पुढे निघून गेले होते. शेवटच्या अंकात एकही संवाद नाही याचा त्रास यामुळे जास्त झाला असणार. सात वर्षं जी माणसं अखंड चॅट करत होती, ती न बोलता निघून गेली.

मला सातवा अंक उपसंहारापेक्षा चांगला वाटतो. त्याच्या त्रुटींसकट. पण उपसंहार धाडसी नाही असं म्हणणार नाही. ‘कँडी’मधली काही प्रकरणं मला अजून सोडत नाहीत. धाडसी आणि चांगलं हे एक नव्हे, एवढंच.

यावर कुणाला काम करायचं असेल तर

गेल्या महिन्यात एमएच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं की चाहत्यांच्या प्रतिक्रिया हा संशोधनाचा विषय होऊ शकतो का. नक्कीच होऊ शकतो, पण काही खड्डे आधीच दाखवून ठेवते.

पहिला खड्डा वाचण्याच्या वेगाचा. जो वाचक २००९पासून रोज नवं पान उघडायचा, पूर्ण वर्ष ‘क्रमशः’ या शब्दावर लटकला, त्याची प्रतिक्रिया आणि ज्यानं २०१७ला तीन आठवड्यांत सगळं वाचून काढलं त्याची प्रतिक्रिया एकाच टोपलीत टाकता येणार नाही. दुसऱ्याला वर्षभराचा खंड म्हणजे एक क्लिक. माझा अंदाज असा की शेवट ‘अर्धवट’ वाटण्यात वाट पाहण्याचा वाटा फार मोठा आहे, पण हा अंदाज आहे. तपासायचा तर दोन्ही प्रकारचे वाचक वेगळे करून त्यांना तेच प्रश्न विचारावे लागतील, आणि कुठले धागे सुटे वाटले हे त्यांना यादी न दाखवता सांगू द्यावं लागेल. यादी दाखवलीत की संपलं. सगळे लॉर्ड इंग्लिशवर टिक करतील.

दुसरा, २०१६पर्यंत टिकलेले वाचक हे उरलेले वाचक आहेत. ज्यांना सहावा अंक झेपला नाही ते मधेच गेले. शेवटावर बोलायला ते आलेच नाहीत. आणि टिकलेल्यांतही जे बोलले ते बहुधा टोकाचे. ‘ठीक होतं’ असं वाटणारा माणूस लेख लिहीत नाही, चहा करायला उठतो.

तिसरा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तेव्हाचे पुष्कळ वाचक शाळकरी वयाचे होते. त्यांनी रात्री दोनला रडत लिहिलेलं सार्वजनिक असलं तरी ते उचलून नावानिशी प्रबंधात छापायचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना ‘सार्वजनिक माहिती, संमतीची गरज नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. वाक्य तसंच्या तसं उद्धृत केलं की सर्च करून माणूस सापडतो. आशय सांगा, माणूस झाका.

आणि मूळ साधनाचाच प्रश्न. होमस्टकची ॲनिमेशनं आणि गेम फ्लॅशमध्ये होते. ३१ डिसेंबर २०२०ला ॲडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला. अधिकृत साइट २०१८पासून व्हिझ मीडियाकडे होती. तिथे ॲनिमेशनच्या जागी व्हिडिओ आले आणि खेळता येणाऱ्या काही गोष्टी मूळ अनुभवासारख्या राहिल्या नाहीत. मग चाहत्यांनीच ‘अनऑफिशियल होमस्टक कलेक्शन’ नावाचा संग्रह बनवला, जो कॉम्प्युटरवर उतरवून घेऊन कॉमिक जवळपास मूळ रूपात वाचता येतं. म्हणजे बघा, शेवटावर बोटं मोडणाऱ्या त्याच समुदायानं ते कॉमिक मरू दिलं नाही. प्रतिक्रिया म्हणजे फक्त शब्द, असं धरून चालाल तर ही सगळ्यात मोठी प्रतिक्रिया तुमच्या नमुन्यात येणारच नाही. तिच्यात ‘शेवट’ हा शब्दच नाही, नुसता कोड आहे.

पुढची हकीकत थोडक्यात. ऑक्टोबर २०१९ला पुढचा भाग सुरू झाला, २०२०च्या शेवटी थांबला, २०२३ला नव्या चमूनं तो पुन्हा हाती घेतला. या चमूतही जुने चाहते आहेत. किकस्टार्टरवाल्या गेमचा पहिला अंक २०१७ला आला, दुसरा २०२०ला.

कुणाला खरंच वाचायचं असेल तर तो चाहत्यांचा संग्रह घ्या, अधिकृत साइट नको. रोज साधारण शंभर पानं धरलीत तर तीन महिने लागतील. कोर्सवर्क चालू असेल तर हा नाद सुट्टीत करा. सातवा अंक बघून झाला की उपसंहार लगेच उघडू नका. आठवडाभर जाऊ द्या, आणि त्या आठवड्यात एका कागदावर लिहून ठेवा की तुमच्या मते काय काय राहिलं, कुणाचं राहिलं. मग ‘मीट’ वाचा आणि त्या कागदावरचं काय खोडता येतंय ते बघा. माझ्या कागदावर सात ओळी होत्या, त्यातल्या दोन खोडल्या गेल्या. तुमच्या किती ते खाली कमेंटमध्ये कळवा.